ओळखू न येणारी नवरी

नवरीला सजवायच्या आधी काही दिवस मीठ-मसाला सोडायचा, नुसता पांढरा भात खायचा आणि पाणी प्यायचं, ही सुलास्मीच्या धंद्याची रीत. तिच्या सासूनं तेच केलं, सासूच्या सासूनंही तेच. उपासानं हातात काहीतरी उतरतं असं या बायका मानतात. काय उतरतं ते विचारायचं नाही, विचारलं की उतरत नाही म्हणे. पण जावा बेटावरच्या या सोलो शहरात सजवणारीची परीक्षा एकच असते. नवरी मांडवात आली की तिच्या सख्ख्या मावशीनं शेजारणीला विचारायला हवं, "अगं, ही कोण?" त्याला शब्दच आहे, मांग्लिंगी. नवरी सुंदर दिसणं ही काही मोठी गोष्ट नाही, पावडर-लाली कुणीही थापतं. नवरी मांग्लिंगी झाली पाहिजे. जन्म देणारीनंही क्षणभर ओळखता कामा नये.

सुलास्मीच्या हातून अशा कितीतरी पोरी परक्या होऊन मांडवात गेल्या होत्या आणि त्याचा तिला भारी तोरा होता. मग तिच्या छातीत गाठ निघाली. उजवी बाजू गेली, काखेतल्या गाठी गेल्या, हात सुजायला लागला. उपचार संपले, हात बराचसा ताळ्यावर आला, पण गिऱ्हाईक काही परत आलं नाही. आजारी बाईचा हात नवरीच्या कपाळाला नको, असं तिच्या तोंडावर कुणी म्हणालं नाही. सोलोत तोंडावर कुणी काही म्हणतच नाही. "बू लास्मी, तुम्ही आता आराम करा, तुम्हाला कशाला त्रास," असं बू, म्हणजे बाई, लावून गोड बोलून लोक पलीकडच्या गल्लीतल्या सजवणारीकडे जायचे. या गोडव्यानं तिची चार वर्षं खाल्ली.

म्हणून बातिकच्या मोठ्या दुकानाच्या मालकीणबाई, बू हेनी, जेव्हा म्हणाल्या की कॅन्सरमधून उठलेल्या बायकांचा फॅशन शो करायचा, जमलेले पैसे पेशंटांच्या धर्मशाळेला द्यायचे आणि शेवटी एक नवरी चालवायची, तेव्हा सुलास्मीनं दुसऱ्या कुणाला तोंड उघडू दिलं नाही. "नवरी माझी," ती म्हणाली. आणि घरी जाऊन तिनं मिठाची बरणी फडताळात वर ठेवली.

नवरी ठरली वुरी. धर्मशाळेतली सगळ्यात तरुण तीच. तिच्या नाकामागे, घशाच्या वर गाठ होती. केमो झाली, शेक झाले, आणि डॉक्टर म्हणाले, संपलं, आता तपासण्यांना येत जा. गाठ गेली, पण जाताना बरंच काही घेऊन गेली. डोक्यावर एक केस नव्हता. औषधांनी तोंड फुगलं होतं. मानेची कातडी काळवंडली होती. आणि आवाज असा चिरला होता की बोलायला लागली की नवा माणूस इकडेतिकडे बघायचा, कोण बोललं म्हणून. सुलास्मी धर्मशाळेत स्वयंपाकाला मदत करायला जायची. वुरीला कोरडं गिळवत नसे, म्हणून तिच्यासाठी वेगळी पेज टाकायची, आणि तिथूनच दोघींचं गूळपीठ जमलं.

वुरीची चार वर्षांची मुलगी होती, गेंदिस. गेंदिस म्हणजे साखर. वोनोगिरीच्या डोंगराकडच्या एका गावात ती आजीजवळ राहायची. नवरा कालीमंतानला पामच्या मळ्यावर, तो पैसे पाठवायचा, यायचा मात्र ईदलाच. आजारपण सुरू झालं तेव्हा वुरीनं पोरीला सांगितलं, मी हाँगकाँगला कामाला जाते. त्या गावातल्या निम्म्या पोरांच्या आया हाँगकाँगला किंवा तैवानला, त्यामुळे गेंदिसला त्यात काही वावगं वाटलं नाही. वुरी फोन करायची, पण चित्र बंद ठेवून. मग आवाज गेला आणि फोनही थांबला. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. ही मूठ तिनं सात-आठ महिने झाकली होती आणि आता तिला ती उघडायची होती.

"बू, मी आईला सांगितलंय, शोला गेंदिसला घेऊन ये," ती सुलास्मीला म्हणाली. दोघी मागच्या पायरीवर पालक निवडत बसल्या होत्या. "तुम्ही फक्त एक करा. मला आधीची वुरी करा. तिची आई तिला दिसली पाहिजे, एवढंच."

"आधीची कशाला? आधीपेक्षा भारी करते."

"भारी नको, बू. आधीचीच."

"बरं बाई, आधीची," सुलास्मी म्हणाली. तिनं ते ऐकलं, नाही असं नाही. पण चार वर्षं रिकाम्या बसलेल्या कारागिराला गिऱ्हाईक काय म्हणतं ते अर्धंच ऐकू येतं, आणि उरलेलं अर्धं त्याचं त्याला हवं तसं.

शोच्या दिवशी मॉलच्या तळमजल्यावर स्टेज बांधलं होतं. मागे एका बंद दुकानात पडदे लावून, केबाया या लांब बाह्यांच्या चोळ्या चढवत बायकांची तयारी चालली होती. पंधरा-वीस जणी, कुणाला स्तन नाही, कुणाला गर्भाशय नाही, आणि सगळ्यांच्या जिभा शाबूत. नुसता कलकलाट.

"माझ्या केबायात डावीकडे मोजा कोंबलाय मी. चालताना खाली सरकला तर मला ढकला कुणीतरी."

"सरकू दे. लोक डबल देणगी देतील."

वुरी आरशासमोर बसली. नवरीच्या कपाळावर सोलोच्या रीतीनं काळ्या रंगाचं पाएस काढतात, चार मोठ्या पाकळ्या, आणि त्याआधी कपाळावरची बारीक लव वस्तऱ्यानं साफ करावी लागते. सुलास्मीनं सवयीनं वस्तरा उचलला.

"ते काम माझ्या डॉक्टरनं करून ठेवलंय," वुरी म्हणाली. "तुमची पहिली नवरी असेन फुकटात गुळगुळीत झालेली."

दोघी हसल्या. मग सुलास्मीनं हसू आवरलं, डोळे मिटून काहीतरी पुटपुटली आणि कामाला लागली. उपासानं पोट खपाटीला गेलं होतं. सुजरा हात दुखायला लागला तरी तिनं थांबवला नाही. मानेचा काळेपणा झाकला, फुगलेल्या गालांना सावली देऊन हाडं काढली, भुवया नव्हत्या तिथे हरणाच्या शिंगांसारख्या फाटे असलेल्या भुवया काढल्या, हनुवटीवरचा तीळ बेसखाली गेला. पाएसच्या पाकळ्या अशा उतरल्या की तिला स्वतःलाच भरून आलं. हात गेला नव्हता. डोक्यावर खोट्या केसांचा अंबाडा बसवला, त्यावर मोगऱ्याच्या कळ्यांची जाळी, एक लांब सर उजव्या खांद्यावरून छातीवर सोडला. काळी मखमली केबाया, सोनेरी पिना. सुलास्मी बाजूला झाली आणि पडद्याआडच्या बायका एकेक करून गप्प झाल्या.

"मांग्लिंगी," एक म्हातारी म्हणाली. तिची दोन्ही बाजूंची ऑपरेशनं झाली होती आणि तिनं आयुष्यात पुष्कळ नवऱ्या पाहिल्या होत्या. "बू लास्मी, ही आपली वुरी? खोटं बोलू नका."

वुरीनं आरशात पाहिलं. तिचं लग्न सरकारी कचेरीत झालं होतं, उसन्या केबायात, पावडरसुद्धा बहिणीची. ती बराच वेळ पाहत राहिली आणि मग त्या चिरक्या आवाजात हसली. "ही बया कोण?"

नवरीनं स्वतःलाच ओळखू नये, याहून मोठी पावती सजवणारीला कुठली मिळणार. सुलास्मीला त्या क्षणी सगळी चार वर्षं वसूल झाल्यासारखी वाटली. आधीची वुरी हवी होती, हे दोघींपैकी एकीलाही आठवलं नाही.

शो सुरू झाला. सुलास्मी पडद्याच्या फटीतून बघत उभी होती. पहिल्या रांगेत पाहुणे, दुसरीत घरची माणसं. वुरीची आई तिला लगेच सापडली. डोक्यावर इस्त्रीची घडी न मोडलेला रुमाल, मांडीवर पिशवी, आणि शेजारी खुर्चीवर पाय लोंबकळत असलेली एक पोर, गुलाबी फ्रॉक, दोन शेंड्या. सगळ्यांना वाटलेला खाऊचा पुठ्ठ्याचा डबा तिनं दोन्ही हातांनी धरला होता.

एकेक बाई बाहेर पडायची, निवेदिका नाव सांगायची, किती वर्षं झाली ते सांगायची, टाळ्या पडायच्या. प्रत्येक वेळी गेंदिस खुर्चीवरून अर्धी उठायची, त्या बाईच्या तोंडाकडे बघायची आणि परत बसायची. बाई बदलली की पुन्हा अर्धी उठायची. तिला सांगितलं होतं की आई स्टेजवर येणार, आणि ती आपलं काम मन लावून करत होती.

सगळ्यात शेवटी वाद्यं बदलली आणि वुरी बाहेर आली. हॉलमध्ये टाळ्यांचा पाऊस पडला. बू हेनी पडद्याआड येऊन सुलास्मीच्या कानाशी म्हणाल्या, "कमाल केली तुम्ही. पुढच्या महिन्यात माझ्या भाचीचं लग्न आहे, बोलू आपण." सुलास्मीनं मान झुकवली, पण तिची नजर दुसऱ्या रांगेवर होती.

वुरी अगदी हळू चालत होती, नवरीसारखी, आणि समोर बघायचं ठरलं होतं ते सोडून सरळ त्या दोन शेंड्यांकडे बघत होती. गेंदिस उभी राहिली. तिनं त्या नवरीकडे तोंड उघडं टाकून पाहिलं, नवरीकडे मुली पाहतात तसं, आणि टाळ्याही वाजवल्या. वुरी तिच्या समोर थांबली. थांबायचं नव्हतं, तरी थांबली. हसली. मग पुढे जावंच लागलं, आणि ती वळून मागे आली, पडद्यात शिरली. गेंदिस अजून उभीच होती. ती पडद्याकडे बघत होती. आता कोण येणार, आता आई येणार.

पण निवेदिका आभार मानायला लागली, दिवे लागले आणि लोक उठले.

काय झालंय ते सुलास्मीला त्या हॉलमध्ये सगळ्यात आधी कळलं, कारण ते तिनंच केलं होतं. करायला गेली काय आणि झालं काय. तिनं तेलाची बाटली आणि कापूस शोधायला सुरुवात केली, पण तोवर वुरी तशीच, त्या सगळ्या मोगऱ्यासकट, बाहेर गेली होती.

सुलास्मी मागोमाग पोहोचली तेव्हा आजी नातीला पुढे ढकलत होती. "जा ना. आई आहे ती. जा."

गेंदिसनं आजीकडे पाहिलं, थट्टा चाललीय का म्हणून. मग मोठ्या माणसांसमोर करायचं ते तिनं केलं. पुढे आली, वुरीचा हात हातात घेतला, कपाळाला लावला आणि म्हणाली, "नमस्कार, बुलिक." कुठल्याही अनोळखी बाईला गावची पोरं अशीच म्हणतात, बुलिक, मावशी.

"गेंदिस," वुरी म्हणाली. "बाळा, मी..."

त्या आवाजानं पोरीनं हात सोडून दिला आणि एक पाऊल मागे गेली. खालचा ओठ थरथरायला लागला. आजी म्हणाली, "अगं वेडे, आईला ओळखत नाहीस?" आणि गेंदिस आजीच्या पायांमागे जाऊन हळूच, पण सगळ्यांना ऐकू येईल असं म्हणाली, "ही आई नाही. आपण आईकडे जाऊ या ना."

सुलास्मी बाटली घेऊन पुढे झाली. "थांब, मी दोन मिनिटांत सगळं पुसते. थांब तू, वुरी."

वुरीनं तिचं मनगट धरलं. तिची नजर त्या थरथरत्या ओठावरून हलली नव्हती. पाएस पुसलं तर काळं सगळ्या तोंडभर पसरणार, अंबाडा काढला तर खाली टक्कल, मानेची जळकी कातडी. आत्ता घाबरलेल्या पोरीसमोर ते सगळं एकेक करून उघडं पडणार. हे सुलास्मीलाही दिसत होतं. तरी तिनं मनगट ओढलं. वुरीनं ते सोडलं नाही.

"राहू द्या, बू," ती म्हणाली. मग ती मखमल, सोनं, सगळं सावरत खाली उकिडवी बसली, पोरीच्या उंचीला, पण जरा लांब.

"बरोबर ओळखलंस. मी बुलिकच आहे. तुझ्या आईची मैत्रीण. तिचं विमान चुकलं, म्हणून तिनं मला सांगितलं, गेंदिसला भेटून ये."

ओठ थांबला. "तुम्ही हाँगकाँगला राहता?"

"हो. तुझ्या आईच्या शेजारी."

"तुमचा आवाज असा का आहे?"

"तिकडे एसी फार असतो. सर्दी होते."

गेंदिसला ते पटलं. ती आजीच्या मागून बाहेर आली. "माझ्या आईला पण होते का?"

"थोडी."

"माझ्या आईचे केस इथपर्यंत आहेत," गेंदिसनं स्वतःच्या कमरेला हात लावून दाखवलं. "आणि तिला इथे तीळ आहे. मी झोपताना तिथे बोट ठेवते. आजीला तीळ नाही, म्हणून मला झोप येत नाही."

आजीनं डोक्यावरच्या रुमालाचं टोक तोंडात कोंबलं आणि ती भिंतीकडे वळली. तो तीळ सकाळी सुलास्मीनंच झाकला होता, पहिल्याच थरात, डाग झाकावा तसा. त्याच्याकडे तिनं नीट पाहिलंसुद्धा नव्हतं.

"मग मी काय सांगू तुझ्या आईला?" वुरीनं विचारलं.

गेंदिसनं विचार केला. "सांगा, मी आता अंथरूण ओलं करत नाही. एकदाच केलं, पण तेव्हा मला ताप होता." मग तिनं डबा उघडला. त्यातला भाताचा रोल संपला होता, पाण्याचा कप संपला होता, एक क्रीमचा गोळा पाव तेवढा शिल्लक होता, एका बाजूनं चेपलेला. "हा मी आईला ठेवला होता. पण तुम्ही जाईपर्यंत खराब होईल ना?"

"होईल."

"मग तुम्हीच खा."

वुरीनं तो घेतला. "एकदा मिठी मारू का? आईनं सांगितलंय."

गेंदिसनं आजीकडे पाहिलं, आजीनं मान हलवली, मग ती आली आणि सरळ उभी राहिली, हात दोन्ही बाजूंना, पाहुण्यांना मिठी मारू देतात तशी. मोगऱ्याची फुलं तिच्या नाकात गेली आणि तिला शिंक आली. वुरीनं लगेच सोडलं. वोनोगिरीची शेवटची बस दुपारचीच होती, आणि जाताना सरकत्या जिन्यावरून गेंदिसनं वळून नवरीला हात केला.

मागच्या दुकानात दोघी आरशासमोर बसल्या. बाकीच्या बायका फोटो काढत होत्या, त्यांचा आवाज येत होता. सुलास्मी कापसानं पाएस उतरवत होती आणि वुरी तो पाव हातात धरून त्यातलं नुसतं क्रीम चाटत होती. बाकीचं तिला गिळता येत नव्हतं, पण ती टाकतही नव्हती.

"तू मला आधीची वुरी कर म्हणालीस," सुलास्मी म्हणाली. "मी माझा तोरा मिरवला. तुझं ऐकलं नाही मी."

"मी तरी कुठे अडवलं? आरशात बघून हसले ना मी. मलाही नवरी व्हायचं होतं, बू." तीळ वर आला होता. वुरीनं आरशात त्याला बोट लावून पाहिलं. "तिनं किती नीट नमस्कार केला, पाहिलंत? आईनं छान वळण लावलंय."

आणि मग ती रडली. त्या आवाजात रडणंही धड निघत नव्हतं. सुलास्मीनं तिचं बोडकं डोकं छातीशी धरलं, जिथे तिला स्वतःला काही उरलं नव्हतं तिथे, आणि तीही रडली.

"केस दोन बोटं येऊ देत," वुरी शेवटी म्हणाली. "चेहरा उतरू दे. मग मी सरळ दारातून आत जाते. घाबरणार नाही ती."

सुलास्मीनं बू हेनींच्या भाचीला नाही म्हटलं. हात दुखतो म्हणाली. रोज धर्मशाळेत जायची आणि वुरीच्या डोक्यावर बोट ठेवून मोजायची. अर्धं बोट झालं. एक बोट झालं. केस आले, काळेभोर, मऊ, बाळाच्या जावळासारखे. चेहऱ्याची सूजही उतरली. मोठा पाऊस सुरू व्हायच्या सुमाराला वुरीनं बसची चौकशीसुद्धा केली. आणि त्याच आठवड्यात तिचं पोट दुखायला लागलं. गाठ घशातून गेली होती ती लिव्हरमध्ये जाऊन बसली होती.

"आता तरी बोलाव पोरीला," सुलास्मी म्हणाली.

"वॉर्डात लहान मुलांना सोडत नाहीत."

"मग फोनवर दाखव तोंड. केस आहेत, तीळ आहे, अजून काय हवं?"

"डोळे पिवळे झालेत हो. थोडे निवळू देत. एकदा चुकलं ते चुकलं, आता नीट होऊ दे." सोलोची माणसं कुणालाही नकार देत नाहीत, फक्त थोडं थांबा म्हणतात, आणि वुरी मरणालाही तेच सांगत होती. त्यानं ऐकलं नाही.

अँब्युलन्स पहाटे गावात पोहोचली. सुलास्मी बरोबर होती. नवरा कालीमंतानहून निघाला होता, पण त्याच्यासाठी थांबणं शक्य नव्हतं. अंगणात ताडपत्री बांधून आडोसा केला, आणि वुरीची आई, एक चुलती आणि सुलास्मी अशा तिघींनी तिला अंघोळ घातली. आई पाणी ओतायची आणि तोंड धुवायची पाळी आली की तिचा हात पुढे जायचा नाही. म्हणून तोंड सुलास्मीनं धुतलं. कपाळ, गाल, हनुवटी, कानामागे. या चेहऱ्याला तिनं एकदा किती काय काय लावलं होतं. आज नुसतं पाणी, दुसरं काही लावायचं नव्हतं. तिला वाटलं, त्या दिवशीही एवढंच करायला हवं होतं. हे तिला आता जन्मभर वाटणार होतं आणि त्यावर काही इलाज नव्हता.

पांढरं कापड गुंडाळून झालं. डोकं झाकलं, तोंड तेवढं उघडं ठेवलं. मयताचे विधी करणारे गावचे मोदिन दारातून म्हणाले, "घरच्यांनी बघून घ्या. डोळ्यांतलं पाणी अंगावर पडू देऊ नका."

शेजारच्या घरी झोपलेल्या गेंदिसला कुणीतरी उठवून आणलं. केस विस्कटलेले, गालावर चटईच्या रेघा. एवढी माणसं बघून ती दारातच थबकली. मग वळणाप्रमाणे तिनं जवळच्या दोघाचौघांचा हात कपाळाला लावला. सुलास्मीचाही लावला. तिला ती आठवत नव्हती. आजीनं तिला पुढे नेलं.

गेंदिसनं वाकून पाहिलं. तिला जराही वेळ लागला नाही.

"आई," ती म्हणाली.

मग सगळ्यांकडे वळून, त्यांना माहीत नसेल म्हणून तिनं सांगितलं, "आई आली." कोपऱ्यात कुणीतरी हुंदका दिला तशी तिनं ओठावर बोट ठेवलं, आई झोपलीय म्हणून. ती चटईवर गुडघे टेकून बसली, तोंड त्या तोंडाच्या अगदी जवळ नेलं, आणि बराच वेळ नुसती बघत राहिली.

थोड्या वेळानं तिनं सुलास्मीची बाही ओढली आणि कुजबुजत विचारलं, "कधी आली?"

"पहाटे," सुलास्मी म्हणाली. "तू झोपली होतीस."

"मग मला उठवायचं ना," गेंदिस म्हणाली.